आजारपणाचा पैरा

पाळक लोक आपलं दुखणं ज्या शिताफीनं लपवतात, त्या शिताफीनं चोरही चोरीचा माल लपवत नसेल. नर्सच्या नोकरीत मी नाना तऱ्हेचे रोगी पाहिले. बोटाला खरचटलं तर गाव गोळा करणारे पैलवान पाहिले, बाळंतकळा सोसताना हूं की चूं न करणाऱ्या बाया पाहिल्या. पण अंगात ताप फणफणत असताना कोटाची सगळी बटणं लावून दारात उभं राहायचं आणि "सलाम सिस्टर, प्रभूच्या कृपेनं सगळं ठीक" म्हणून हसायचं, ही कला मी फक्त आमच्या मंडळीच्या कामकऱ्यांतच पाहिली.

संपादकांनी 'नर्सच्या आयुष्यातलं काहीतरी थरारक' मागितलं आहे. प्लेग, पटकी, लढाईवरून आलेले जखमी, हे सगळं मी पाहिलं, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्या नोकरीतला जो काळ आठवला की मला अजूनही हायसं वाटतं, तो वेगळा. चाळीस सालानंतरची गोष्ट. सातारा-सांगली भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी आपल्या कामकऱ्यांसाठी आजारपणाचा एक फंड काढला आणि त्या फंडाची फिरती नर्स म्हणून मला नेमलं. गावोगाव जायचं, पाळक, सुवार्तिक, बायबलबाया आणि त्यांची बिऱ्हाडं यांची तब्येत पाहायची, ज्याला दवाखान्यात आणायला हवं त्याला आणायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण लपलेला रोगी शोधून काढणं सोपं नसतं.

ज्यांना या लोकांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाळक म्हणजे गावच्या ख्रिस्ती मंडळीचा उपाध्याय. लग्नं लावायची, मयताला माती द्यायची, रविवारी उपदेश करायचा आणि बाकीचे सहा दिवस लोकांची भांडणं सोडवायची. सुवार्तिक म्हणजे सायकलीवर नाहीतर पायी फिरून, बाजारात उभं राहून प्रभूची गोष्ट सांगणारा. बायबलबाई घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवते, अक्षरओळख करून देते आणि बाळंतिणीच्या हातात काढ्याचा पेलाही देते. लोकांना वाटे, यांच्या पाठीशी मिशन आहे, यांना कसली ददात? पण पटकीच्या रोग्याशी सख्खा भाऊ बसत नसे तिथे पाळक जाऊन बसे. सुवार्तिक कुठल्याही विहिरीचं पाणी पिई आणि कुठल्याही देवळाच्या ओवरीत निजे. आजारी पडणं हे त्यांच्या धंद्यातच होतं.

मग लपवायचे का? एक तर नोकरी जाईल ही भीती. आणि दुसरं, जो माणूस दुसऱ्याच्या खाटेशी बसून प्रार्थना करतो, तोच खाटेला खिळला की लोक विचारतात, "काय पाद्रीबाबा, तुमचा देव गावाला गेलाय काय?"

फंडाच्या आधी चिठ्ठीची पद्धत होती. कामकरी आजारी पडला की त्यानं मिशनच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर जायचं. साहेब मनानं चांगले असत, ते चिठ्ठी देत, ती दाखवली की दवाखान्यात फुकट इलाज होई. पण चिठ्ठी मागायला तोंड वेंगाडावं लागे. आणि साहेब उन्हाळ्यात थंड हवेच्या डोंगरावर गेलेले असले, तर रोगानंही ते परत येईपर्यंत दम धरायचा!

दाविद मास्तरांच्या रोगानं दम धरला नाही. दाविद मास्तर कवठे महांकाळच्या बाजूला सुवार्तिक होते. एका चैत्रात धनगरांच्या वाड्यावर जाताना त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, पिकला. साहेब डोंगरावर होते. "चिठ्ठीशिवाय कसं जायचं? पायरी सोडून वागल्यावाणी दिसंल," म्हणून मास्तर घरीच पोटिसं बांधत बसले. शेवटी लोकांनी त्यांना खाटेसकट छोट्या रुळांच्या गाडीत घालून मिरजेकडं धाडलं, तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता. आमच्या मिशन दवाखान्यात तो कापावा लागला. त्या वेळी मी वॉर्डात होते. शुद्धीवर आल्यावर मास्तर चादरीखाली बराच वेळ हात फिरवत राहिले, मग मला म्हणाले, "सिस्टर, चिठ्ठी आली का वो?"

या एका प्रश्नानं जे झालं ते पुष्कळ सभांनी झालं नव्हतं. आमच्या मोठ्या डॉक्टरांनीच पुढाकार घेतला. प्रत्येक कामकऱ्यानं दरमहा पगारातला लहानसा वाटा घालायचा, मंडळीनं आणि मिशननं त्यात भर टाकायची, आणि कामकऱ्याच्या घरात कुणी आजारी पडलं की कुणाला काही न विचारता दवाखाना गाठायचा. शिवाय बरा होऊन येईपर्यंत पगार चालू. आज याला आरोग्याचा विमा म्हणतात. तेव्हा विमा शब्द उच्चारला की खेड्यातले कामकरी दचकत. "इमा म्हंजे मेल्यावरचं पैसं. आमी काय मराया बसलोय व्हय?"

फंड समजावून सांगायला कामकऱ्यांची सभा भरवली, तिला आम्ही दाविद मास्तरांना मुद्दाम बोलावलं. ते कुबडी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "इमा-बिमा सोडा. कुळवणीला पैरा करतासा न्हवं? एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल, आज तुजं रान, उद्या माजं. ह्यो आजारपणाचा पैरा हाय. ज्याला नगं असंल त्यानं हिकडं बघा." आणि त्यांनी रिकाम्या विजारीची दुमडलेली बाजू हातानं हलवून दाखवली. सभेत हशा झाला आणि पुष्कळांनी नावं दिली.

एकच माणूस उठून उभा राहिला आणि त्यानं नको म्हणून सांगितलं. ते योहान पाळक. कडेगावजवळच्या एका गावाची मंडळी त्यांच्याकडं होती. उंच, पांढऱ्या मिशांचे, पहिल्या लढाईत मेसापोटेमियात जाऊन आलेले. आवाज असा की कीर्तनाला उभे राहिले तर माळावरची गुरं मान वर करून बघत. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "दुखण्याची आधीच सोय करून ठेवायची म्हणजे प्रभूवर भरवसा नाही असं होतं. माझा वाटा यात धरू नका."

"पाळकसाहेब," दाविद मास्तर म्हणाले, "पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारता का न्हाई? तवा भरवसा कुठं जातो?"

योहान पाळक हसले, पण खाली बसले नाहीत. "घर मिशनचं आहे, मास्तर. शरीर प्रभूचं आहे."

त्यांचं नाव वगळून यादी पुरी झाली.

मी फिरती सुरू केली. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली असे. चढ आला की आम्ही उतारू खाली उतरून ढकलत असू आणि वर पोचलो की एकमेकांचे काळे झालेले चेहरे बघून हसत असू. बेचाळीसनंतर तर रस्त्यात कुठं पोलीस अडवतील आणि कुठं पूल मोडलेला असेल याचा नेम नव्हता. पण माझी औषधांची पेटी बघून कुणीही वाट सोडी, पोलीसही आणि पोलिसांना चुकवणारेही.

पहिल्याच फेरीत रखमाबाई भेटल्या. कवठ्याकडच्या कोरड्या मुलखातल्या बायबलबाई, विधवा, जिभेनं तिखट. त्या धनगरवाड्यात बायकांना शास्त्र वाचून दाखवत बसल्या होत्या. मी मागं जाऊन बसले. वाचन अस्खलित चाललं होतं, बायका तल्लीन झाल्या होत्या. आणि माझ्या लक्षात आलं की रखमाबाईंच्या हातातलं पुस्तक उलटं आहे.

वाचन संपल्यावर मी त्यांना एका बाजूला नेलं आणि डोळ्यांसमोर हात धरला. "किती बोटं आहेत?"

"दोन."

मी मूठ धरली होती.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता. कधीपासून दिसत नाही, असं मी विचारलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "बाई, कुणाला सांगू नगा. शास्त्र मला पाठ हाय. पुस्तक नुसतं लोकांसाठी धरती. आंधळी म्हणून काम काढून घेतलं तर म्या कुठं जाऊ? मला ह्या बायांशिवाय कोन हाय?"

"काम जाणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही फंडात आहात. डोळे करून परत यायचं, इथंच यायचं."

"आन् चिठ्ठी?"

"चिठ्ठी लागत नाही."

त्यांना ते पटेना. गाडीत बसेपर्यंत तीनतीनदा विचारत होत्या. त्या वेळी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून रोग्याला उताणं निजवून ठेवत. हलायचं नाही, खोकायचं नाही, फार बोलायचंही नाही. रखमाबाईंना शेवटची अट सर्वांत जड गेली. पट्टी सुटल्यावर भिंगासारखा जाड चष्मा मिळाला. मी त्यांना गावी पोचवायला गेले तेव्हा धनगरवाड्यातल्या बाया धावत आल्या. रखमाबाईंनी एकेकीला जवळ घेऊन न्याहाळलं.

"तू ठकू व्हय? आवाजावरनं मला वाटलं लय म्हातारी असशील. आगं, तू तर पोर हायस!" मग आपल्या खोपटात शिरल्या आणि आतून आवाज आला, "आगं बया! एवढं जळमट? आन् कुणी एकीनंबी सांगितलं न्हाई मला!"

असे प्रसंग आठवले की मान ताठ होते. पण सगळंच तसं झालं नाही. फंड सुरू झाला तेव्हा समितीनं क्षयरोग वगळला होता. क्षयाचा रोगी वर्षवर्ष अंथरुणाला असतो, तेवढा भार पेलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. माधवनगरला गिरणीकामगारांच्या वस्तीत एक तरुण सुवार्तिक होता, नव्यानं लग्न झालेला, पेटी छान वाजवायचा. त्याचा खोकला मी ऐकला आणि त्याच्या बायकोच्या तोंडाकडं बघण्याचं मला धैर्य होईना. समितीपुढं मी बोलले, डॉक्टर बोलले. नियम बदलला, पण बदलेपर्यंत तो आपल्या गावी गेला होता आणि तिथून परत आला नाही. नंतर क्षयाचे जे कामकरी बरे होऊन आले, त्यांच्यातल्या प्रत्येकाला बघून मला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ त्या पेटीचे सूर यायचे.

आता योहान पाळकांकडं येते.

लढाई संपली होती. पेट्रोल मिळू लागलं होतं, पलटणीतली पोरं घरी परतली होती. मी कडेगावला उतरून बैलगाडीनं त्यांच्या गावी पोचले तेव्हा सकाळची उन्हं नुकतीच वर आली होती. उसाची गुऱ्हाळं चालू होती, सगळ्या शिवारात काकवीचा वास. एरवी त्या वेळी पाळकांची मोठ्यानं गायलेली भजनं रस्त्यापर्यंत येत. त्या दिवशी घर गप्प होतं. दारात त्यांची बायको उभी होती, सगुणाबाई. त्याही बायबलबाई. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, नवऱ्याच्या मागं चार पावलं चालणाऱ्या.

"बरं झालं आलासा," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

पाळक भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. कपाळावर घामाचे थेंब. मला बघून उठायला लागले आणि उठता येईना.

"सलाम सिस्टर. काही नाही. जरा उलट्या होतायत. सुंठ घेतलीय."

"पोट बघू द्या."

"नको, नको. तू मुलीसारखी मला. पोटाला काही नाही."

मागून सगुणाबाई म्हणाल्या, "आंतडं उतरलंय त्यांचं. लय वर्सं झाली. धोतराखाली पट्टा बांधत्यात आन् सायकल मारत्यात. म्या सांगू नये म्हणून मला शपथ घातलीया."

"सगुणा!"

"आता शपथ मोडली मी. प्रभू मला माफ करंल."

याला अंतर्गळ म्हणतात. पोटाच्या भिंतीत जिथं जागा कच्ची असते तिथून आतडं बाहेर डोकावतं. निजलं की आत जातं, म्हणून माणूस वर्षानुवर्षं काढतो. पण एखाद्या दिवशी ते बाहेर आलेलं आतडं तिथंच आवळलं जातं. मग त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि ते मेलं की माणूस जातो.

"आज आत गेलं का?" मी सगुणाबाईंना विचारलं.

"न्हाई. पहाटपासनं दगडावाणी झालंय."

मी मग पाळकांचा संकोच वगैरे काही ऐकलं नाही. चादर बाजूला केली, हात लावला आणि उठले. "पाळकसाहेब, आत्ताच्या आत्ता निघायचं. आज ऑपरेशन झालं नाही तर उद्या उपयोग नाही."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मी फंडात नाही. भर सभेत उभं राहून नको म्हणालोय. आता कुठल्या तोंडानं दवाखान्यात जाऊ? दाविद मास्तर काय म्हणतील?"

"डॉक्टर तुम्हाला परत पाठवणार नाहीत हो. फंड असो नसो."

"ते मला ठाऊक आहे. पण ती दया झाली. मी जन्मभर लोकांना ताठ उभं राहायला सांगितलं. शेवटी दयेच्या खाटेवर निजू?" कळ आली तसे ते बोलायचे थांबले, आणि मग शाळेत शिकलेली भाषा गळून पडली. "मला हितंच राहू द्या. माज्या लोकांत जाऊ द्या मला."

मला त्या माणसाचा राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मरण समोर दिसत असताना हा माणूस लाजेला भीत होता. मी काहीतरी बोलणार, तोच सगुणाबाई पुढं आल्या. नवऱ्यापुढं त्या कधी अशा उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. कमरेवर हात, पदर खोचलेला.

"तुमच्या तोंडानं नगा जाऊ," त्या म्हणाल्या. "माज्या तोंडानं चला."

"म्हणजे?"

"म्हंजी म्या हाय फंडात. सभा झाली त्याच म्हैन्यापासनं. माज्या पगारातनं. तुमी कवा इचारलं न्हाई, म्या कवा सांगितलं न्हाई."

पाळक बघतच राहिले. बायकोच्या पगाराचं काय होतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, याचा त्यांना अभिमान होता, आणि त्याच अभिमानाच्या आडोशाला या बाईनं आपलं काम उरकलं होतं.

"कामकऱ्याच्या घरच्यांना हक्क हाय न्हवं?" सगुणाबाईंनी मला विचारलं. "मग म्या कामकरी. आन् हे माजे घरचे."

आता खरं सांगायचं तर नियमात शब्द होते 'कामकरी, त्याची पत्नी व मुले'. नियम लिहिणाऱ्या पुरुषांच्या डोक्यातच आलं नव्हतं की कामकरी बाई असेल आणि तिला नवरा असेल. हे मला माहीत होतं. पण मी एक क्षणही न थांबता म्हटलं, "आहे. पूर्ण हक्क आहे."

पाळकांनी माझ्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. "म्हणजे मी बायबलबाईचा नवरा म्हणून जायचं?"

"व्हय," सगुणाबाई म्हणाल्या. "लाज वाटती?"

इतक्या दुखण्यातही त्यांच्या मिशा हलल्या. "न्हाई. चल."

चल म्हणणं सोपं होतं, नेणार कसं? बैलगाडीनं दुसरा दिवस उजाडला असता. सगुणाबाई धावत गुऱ्हाळावर गेल्या. तिथं तुकाराम हवालदार होता. पलटणीतून सुटून आल्यावर त्यानं एक जुनी लष्करी लॉरी घेतली होती आणि तो गुळाच्या ढेपा सांगलीच्या पेठेत नेत असे. लॉरी अर्धी भरली होती. तो तशीच ती घेऊन दारात आला.

"लॉरी भरायची राहिली ना?" मी म्हटलं.

"गूळ उद्याबी इकंल, बाई. म्या इटलीत हुतो तवा माज्या आईला माजी पत्रं कुणी वाचून दावली? म्या जित्ता हाय का न्हाई ते तिला पाळकबाबांनीच सांगितलं. चला, धरा त्यांना."

ढेपांवर गवत, गवतावर वाकळ, वाकळेवर पाळक. मी एका बाजूला, सगुणाबाई एका बाजूला. हवालदारानं लॉरी अशी हाकली की जणू मागं गूळ नव्हे, काचेची भांडी होती. आणि तरी एवढी पळवली की माझ्या डोक्यावरचा रुमाल कुठं गेला कळलं नाही. सांगली संस्थानच्या हद्दीवर नाका होता. कारकून खिडकीतून म्हणाला, "काय भरलंय मागं?"

"गूळ आन् पाद्री," हवालदार ओरडला. "गुळाची जकात परत येताना देतो. पाद्र्याला थांबवू नगा."

कारकून बाहेर आला, पाळकांचा पांढरा पडलेला चेहरा बघितला आणि स्वतःच धावत जाऊन आडवा बांबू वर केला.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावताच टेबल तयार करायला सांगितलं. मी कपडे बदलून आत उभी राहिले. आतडं मोकळं केलं तेव्हा ते काळपट जांभळं झालं होतं. अशा वेळी गरम सलाईनमध्ये भिजवलेली फडकी त्याच्यावर ठेवतात आणि वाट बघतात. रंग परत आला तर जिवंत आहे. नाही आला तर तो तुकडा कापायचा, आणि त्या वयाच्या माणसाचं मग काही सांगता येत नाही. मी फडकं बदललं. पुन्हा बदललं. मग डॉक्टर खाली वाकले आणि म्हणाले, "बघा." काठाकडून, पहाटे पूर्वेला फटफटतं तसा, गुलाबी रंग चढत होता. आयुष्यात मी पुष्कळ सुंदर गोष्टी पाहिल्या असतील. त्यांत त्या आतड्याचा नंबर बराच वर आहे.

बाहेर बाकावर सगुणाबाई आणि हवालदार बसले होते. मी तोंडावरचा मास्क काढून हसले, तशी सगुणाबाईंनी पदरात तोंड लपवलं आणि पहिल्यांदा रडल्या. हवालदार उठला, म्हणाला, "आता गूळ इकतो," आणि गेला.

समितीची सभा पुढच्या आठवड्यात होती. चिटणीसांनी नियम वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "सिस्टर, यात 'त्याची पत्नी' असं आहे. 'तिचा पती' असं कुठं आहे?"

मी म्हटलं, "वाटा घेताना तिचा पैसा बाईचा म्हणून वेगळा ठेवला होता का?"

एकानं विचारलं, पाळकांना स्वतःचा पगार असताना बायकोच्या हक्कावर कसं बसवायचं? दुसरा म्हणाला, अशानं उद्या सगळे नवरे वाटा घालायचे थांबतील. मला वाटलं, आता हे लांबणार. तेवढ्यात मागून कुबडीचा टक टक आवाज आला. दाविद मास्तर. सभेत योहान पाळकांशी ज्यांचा वाद झाला होता, तेच.

"पैऱ्यात बैल आला का न्हाई एवढंच बघत्यात," ते म्हणाले. "बैल बापयाचा का बाईचा, असं कुणी इचारत न्हाई. उगा शब्दावरनं माणसाचा जीव टांगून ठेवू नगा. एकदा ठेवला हुता, तेवढा बास."

नियम त्याच बैठकीत बदलला. 'कामकऱ्याचे घरचे' असे साधे शब्द आले आणि अजूनही तेच आहेत, असं मी ऐकते.

पाळक पुष्कळ दिवस वॉर्डात होते. आधी कुजबुजत, मग हळू आवाजात, आणि टाके निघाल्यावर असे गाऊ लागले की शेजारच्या वॉर्डातून निरोप आला, एक तर यांना घरी पाठवा नाहीतर आमच्याकडं पाठवा. दाविद मास्तर रोज संध्याकाळी येऊन खाटेशी बसत. भरवशाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. पुढच्या महिन्यापासून आपलाही वाटा धरावा, हे पाळकांनी स्वतःच सांगितलं.

घरी जायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. इस्तरी केलेला कोट घातला होता, हातात कागद आणि टाक होता.

"सिस्टर, आभाराचं पत्र लिहायचंय. आमच्याकडं रीत आहे. कुणाच्या नावे लिहू? साहेबांच्या का डॉक्टरांच्या?"

"कुणाच्याच नाही," मी म्हटलं.

"असं कसं? कुणाची तरी कृपा झाली म्हणूनच ना..."

"डॉक्टरांना मनापासून सलाम करा, त्यांनी जीव वाचवला. पण खाट आणि औषध यांसाठी कुणाला पत्र लिहायचं नाही. ते तुमचं होतं."

त्यांना ते एकदम उमगलं नाही. सगळ्या नोकरीत त्यांनी प्रत्येक गोष्टीसाठी कुणाला तरी पत्र लिहिलं होतं. कौलांसाठी, सायकलीसाठी, मुलीच्या शाळेसाठी. कागद हातात धरून ते फाटकापर्यंत चालत गेले. मी त्यांच्या मागं होते. बाहेर हवालदाराची लॉरी उभी होती आणि सगुणाबाई बोचकं घेऊन, नेहमीसारख्या चार पावलं मागं थांबल्या होत्या.

पाळक वळले. कागदाची घडी करून खिशात घातली. मग रस्त्यावरच्या सगळ्या लोकांदेखत त्यांनी आपल्या बायकोपुढं हात जोडले.

"आवं, असं काय करताय?" त्या चपापल्या. "लोक बगत्यात."

"बघू दे," पाळक म्हणाले. तिच्या हातातलं बोचकं काढून त्यांनी आपल्या काखेत घेतलं, डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं तरी, आणि लॉरीकडं जाताना ती बरोबरीनं येईपर्यंत थांबले.